बर्फाला घाम फुटेपर्यंत

माझी वहिनी नर्स आहे आणि तिची गाडी मी चालवतो. गाडी तशी आरोग्य केंद्राची. पण केंद्रात सगळे तिला 'सिस्टरची गाडी' म्हणतात आणि मला 'सिस्टरचा दीर'. मलाही एक नाव आहे, हे बहुधा फक्त माझ्या आईला आठवत असेल.

आमच्या घरी फ्रीजचं दार उघडं टाकून आत काय काय आहे ते बघत उभं राहायची कोणाची टाप नाही. आधी काय हवं ते ठरवायचं, मग दार उघडायचं, घ्यायचं आणि लावायचं. माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणतो, लिफ्टचं दारसुद्धा माणसाला यापेक्षा जास्त वेळ देतं. आई एकदा वैतागून म्हणाली, "अगं बाई, आत दूध आहे, लस नाही." वहिनी हसली, पण हसता हसता दार तिने लावलंच. लस सांभाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली आहेत. आधी तान्ह्या मुलांची लस, आणि आता या पोरांची.

ही पोरं म्हणजे कोण ते सांगतो. मालगाड्यांच्या यार्डाची एक लांबलचक भिंत आहे. तिच्या सावलीत आमची गाडी उभी राहते. गाडीला एका बाजूने खिडकी पाडलेली आहे. नशेची सुई घेणारी पोरं-पोरी तिथे येतात, वापरलेल्या सुया जाड डब्यात टाकतात आणि नव्या घेऊन जातात. नाव विचारायचं नाही आणि उपदेश करायचा नाही, हा वहिनीचा नियम. सुरुवातीला मी दोन-चार उपदेश करून पाहिले होते. तिने मला गाडीच्या स्टिअरिंगकडे तोंड करून बसायला सांगितलं. तेव्हापासून मी तसाच बसतो, आरशातून बघतो आणि ऐकतो सगळं.

एकच सुई दोघांनी वापरली की तिच्यातून हिपॅटायटिस बी पसरतो. लोक त्याला नुसती कावीळ म्हणतात, पण ही कावीळ काहींच्या अंगात मुक्कामच ठोकते आणि यकृताची वाट लावते. तिच्यावर लस आहे. तीन डोस पुरे झाले की काळजी मिटली. आणि तरी ती घ्यायला कोणी फिरकत नव्हतं. कारण लस मिळायची केंद्रात. तिथे रांग, कागदपत्रं, आणि सगळ्यात आधी रक्ततपासणी. ज्यांच्या हातात धड शीर उरलेली नाही त्यांच्या हातात सुई खुपसत राहायचं, आणि वर 'स्वतःला टोचताना बरी सापडते' असा टोमणा मारायचा. कोण जाईल? मी तरी गेलो नसतो. वहिनीने आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी, म्हणजे साहेबांशी, वर्षभर हुज्जत घातली. लस याच खिडकीत द्यायची, आधी तपासणीची अट नको, आणि प्रत्येकाला नीट सांगायचं की ही सुई दंडात बसते, शिरेशी तिचा काही संबंध नाही. शेवटी साहेब कंटाळून हो म्हणाले.

तरीही पोरं बिचकायची. लस घेतली की नशा चढत नाही, अशी अफवा कुठून तरी उठली होती. वहिनी कोणावर चिडली नाही. सुया हातात देताना ती एवढंच विचारायची, "आज दंड पुढे करायचा का?" नाही म्हटलं की म्हणायची, "बरं, परवा विचारते." आणि परवा खरंच विचारायची. मला तर या बाईच्या चिकाटीचा कधीकधी राग यायचा. पण हळूहळू एकेक दंड खिडकीतून आत यायला लागला.

तिच्या कामातली एक रीत आधीच सांगून ठेवतो. लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही लस गोठूनही मरते, हे फार थोड्यांना. एकदा गोठली की संपली. पुन्हा वितळली तरी तिच्यात दम उरत नाही. म्हणून फ्रीझरमधले आइसपॅक तसेच उचलून लशीच्या पेटीत ठेवायचे नसतात. आधी ते टेबलावर मांडायचे आणि थांबायचं. वर पाण्याचे थेंब जमले, वहिनीच्या भाषेत बर्फाला घाम फुटला, की एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळलं तरच तो पेटीत. हे होईपर्यंत मी बाहेर गाडी सुरू करून हॉर्न वाजवत बसायचो. ती पॅक कानाला लावून खिडकीतून माझ्याकडे नुसती बघायची, की मी हॉर्न बंद करायचो.

आता बटणची गोष्ट. बटण हे तिचं टोपणनाव. शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर ती काम करायची. विशीतली मुलगी, चणीने लहान, तोंडाने तिखट. सुया न्यायला न चुकता यायची, पण लसीचं नाव काढलं की तिचा पारा चढायचा. "सुई माझी, दंड माझा, ताई. माझ्या अंगात काय जातं ते मी आधी उजेडात धरून बघते. तुमच्या बाटलीत काय आहे मला काय माहीत?" वहिनी म्हणायची, "बरं, परवा विचारते." बटणबरोबर एक मुलगा असायचा. सतत शीळ घालायचा म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. दोघांचं जमलेलं होतं.

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन चटके देत होतं. आम्ही केंद्रात पोचतो न पोचतो तोच वहिनीचा फोन वाजला. बटण होती. आवाज असा की मला दोन हात लांबून ऐकू येत होता.

"ताई, शिट्टीला रात्री मोठ्या दवाखान्यात टाकलंय. डोळे पिवळेधमक झालेत. डॉक्टर म्हणाले, ती तुमचीच कावीळ. आणि काल संध्याकाळी माझ्याकडे सुई नव्हती, ताई. मी त्याचीच घेतली. ती लस आता घेतली तर चालेल?"

"चालेल. आत्ताच्या आत्ता केंद्रात ये."

"तिथे मेले तरी पाय ठेवणार नाही. मी भिंतीपाशी उभी आहे. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत या. आज उशीर झाला तर मुकादमीण काढून टाकेल मला."

फोन बंद झाला. वहिनी मला म्हणाली, "भावजी, काल संध्याकाळी तिच्या अंगात गेलंय. एक दिवसाच्या आत लस मिळाली तर अजून अडवता येतं. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत. त्यातही जितकं लवकर तितकं बरं." मोठ्या दवाखान्यात अशा वेळेसाठी आणखी एक इंजेक्शन असतं, तिने तिथेही फोन केला. साठा संपला होता. राहिली ती आपली लस.

तिने आइसपॅक काढून टेबलावर मांडले. घड्याळाकडे बघितलं. बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग सगळे पॅक गोळा करून पेटीत रचले, ऊन म्हणून एक जास्तच घातला, मध्ये बाटल्या ठेवल्या आणि झाकण लावलं. मी गाडीतून बघत होतो. हॉर्न मी वाजवला नव्हता. पॅक एकही तिच्या कानापर्यंत गेला नाही, हे मला दिसलं, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

वाटेत रस्ता खणून ठेवला होता. लांबचा वळसा पडला. बटण भिंतीला टेकून उभी होती, नखं खात. वहिनीने खिडकी उघडली, बाटली काढली, नेहमीसारखी मुठीत धरून गोल गोल फिरवली. गार लस दंडात ठणकते, म्हणून ती तसं करायची. बटणने डोळे मिटून दंड पुढे केला. ज्या मुलीने वर्षभर नन्नाचा पाढा लावला होता, तिने त्या दिवशी बाटलीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"अजून दोन डोस घ्यायचेत," वहिनी म्हणाली. "आणि आजपासून दुसऱ्याच्या सुईला हात लावायचा नाही." बटणने सुयांचं नवं पाकीट घेतलं. तेवढ्यात भोंगा झाला. ती पळत सुटली, कोपऱ्यावर थांबली, वळली आणि हात हलवून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मागे आणखी दोघंतिघं उभे होते. वहिनीने पेटीतून दुसरी बाटली काढली आणि सवयीने उलटी केली. आतलं हललं नाही. तिने पुन्हा उलटी केली. बाटलीत पांढरा खडा झाला होता.

बटणला ज्या बाटलीतून टोचलं ती तिने हलवून खिडकीच्या फळीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिली. चांगली लस दुधाळ पाण्यासारखी एकसारखी राहते. या बाटलीत पांढरे कण सुटे झाले, तळाशी बसायला लागले आणि वर स्वच्छ पाणी दिसायला लागलं. म्हणजे हीसुद्धा वाटेत गोठली होती, आणि तिच्या मुठीत येऊन वितळली होती. बटणच्या दंडात नुसतं पाणी गेलं म्हणा ना.

"भावजी," वहिनी म्हणाली, "मी बर्फाला थांबले नाही."

समोर उभ्या असलेल्यांना तिने सांगितलं, आज लस बिघडली आहे, सुया घेऊन जा. मग साहेबांना फोन लावला.

साहेब दुष्ट माणूस नाही, हे मी रागात असूनही सांगतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, लस बिघडली हा शब्द पुन्हा तिथे काढू नका. तुम्हीच ही पोरं खिडकीपाशी आणलीत. उद्या बोंब झाली की बिघडलेली लस टोचतात, तर एक माणूस परत येणार नाही. त्या मुलीला पुढच्या आठवड्यात बोलवा आणि दुसरा डोस म्हणून द्या. तिला काय कळतंय."

"साहेब, तिच्याकडे आठवडा नाही," वहिनी म्हणाली. "तिच्याकडे संध्याकाळ आहे."

बटणचा फोन लागेना. कारखान्यात फोन दारातच काढून घेतात. आम्ही गाडी उलटी फिरवून केंद्रात आलो. पुन्हा तोच वळसा, तोच धुरळा. वहिनीने मोठ्या फ्रीजमधून चांगल्या बाटल्या काढायची तयारी केली, फ्रीझरमधून नवे आइसपॅक काढले, टेबलावर मांडले आणि उभी राहिली.

मी दारातून बघत होतो. एकही थेंब नाही. पॅकवर बर्फाचा पांढरा थर तसाच.

"वहिनी, चला."

"थांबा."

"अहो, तिकडे ती मुलगी—"

"थांबा, भावजी."

"ती बाटली रुमालात गुंडाळा आणि पर्समध्ये टाका! चला!"

"या उन्हात? मग सकाळी काय आणि आता काय." तिने एक पॅक उचलला, कानाला लावला, हलवला. खाली ठेवला. दुसरा उचलला. "अजून नाही," ती म्हणाली.

तो वेळ मी विसरणार नाही. मी आत-बाहेर येरझाऱ्या घातल्या, गाडीला लाथ मारली, उगाच पाणी प्यायलो. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला कोणी सापडत नव्हतं. ती मात्र जागची हलली नाही. जिच्यासाठी सकाळी तिने घाई केली होती, तिच्यासाठीच आता थांबायचं होतं. शेवटी एका पॅकवर थेंब जमला आणि ओघळला. मग दुसऱ्यावर. तिने पॅक कानाशी हलवला आणि मान डोलावली. पेटी भरली, चांगल्या बाटल्या ठेवल्या. सकाळची बिघडलेली बाटली तिने टाकून दिली नव्हती. कागदात गुंडाळून एप्रनच्या खिशात घातली. मी विचारलं, ती कशाला? "असू द्या," ती म्हणाली.

कारखान्याच्या दारात मुकादमीण भेटली. जाडजूड बाई, गळ्यात मापाची फीत. "बटण ना? दुपारच्या सुट्टीनंतर घरी पाठवली तिला. हात थरथरत होता. म्हटलं, बोट घालशील मशीनखाली." फोन तिने नेला होता, पण तो आता बंदच होता. चार्जिंग संपलं असणार. मुकादमीणबाईने खोलीचा पत्ता सांगितला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक अरुंद जिना होता. वर एक खोली, दोन गाद्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. तिच्याबरोबर राहणारी मुलगी दार अर्धवट उघडून उभी राहिली. आधी तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, मग वहिनीच्या हातातल्या पेटीकडे.

"तुम्ही त्या खिडकीवाल्या ताई?" तिने दार उघडलं. "आली होती ती. अंघोळ केली, केस विंचरले. खुशीत होती हो. म्हणाली, आज मी सुटले." जरा घुटमळून ती म्हणाली, "जुन्या धुलाईकडे बघा. तिथे बसतात ते सगळे."

जुनी धुलाई मला माहीत होती. पूर्वी तिथे गाड्या धुवायचे. मीही आमची गाडी नेली आहे. ती बंद पडून आता जमाना झाला. ऊन उतरायला लागलं होतं. मी गाडी हाणली. वाटेत मला राहवलं नाही.

"वहिनी, तिथे सगळी टोळी असेल. सगळ्यांसमोर सांगाल, लस बिघडलेली होती? साहेबांचं एवढं तरी ऐका. म्हणावं, या रोगासाठी सकाळी एक, संध्याकाळी एक, असे दोन डोस असतात. ती आनंदाने घेईल. काम होईल. कोणाचं काय बिघडलं?"

ती पेटीवर हात ठेवून बसली होती.

"आणि तिने नाहीच घेतली तर?" मी म्हणालो. "खरं ऐकून चिडली, आणि गेली निघून, तर?"

"मला काय वाटत नाही का ते?" ती एकदम कडाडली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "सकाळपासून दुसरं काय चाललंय माझ्या डोक्यात? गाडी चालवा." मग मी गाडी चालवली.

धुलाईच्या भिंतींना पांढऱ्या फरश्या होत्या, अर्ध्या निखळलेल्या. मधोमध गटाराची जाळी. पाण्याचा पाइप कधीच चोरीला गेलेला. पाच-सहा जणं भिंतीला टेकून बसली होती, त्यात बटण. तिच्याशेजारी टोपी घातलेला एक किडकिडीत तरुण. तो खिडकीवर कधी आला नव्हता, पण त्याचा शब्द तिथे चालतो हे बसण्याच्या ढंगावरूनच कळत होतं. आम्हाला बघून तो उठला.

"ताई? तुम्ही इथे?" बटणने विचारलं. तिचा चेहरा अजून सकाळसारखाच मोकळा होता. तो बघून मला वाटलं, वहिनी, आता तरी खोटं बोला.

वहिनी गटाराची जाळी ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सकाळची लस वाया गेली, बटण. पेटीत बर्फ जास्त झाला आणि लस गोठली. गोठलेली लस काही काम करत नाही. त्याने तुला अपाय होणार नाही, पण उपयोगही नाही. चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाचीही नाही. चांगली लस आणली आहे. आत्ता घ्यायला हवी."

टोपीवाला हसायला लागला. "घ्या! यांचाही माल भेसळीचा निघाला!" दोघंतिघं खिदळले.

बटण हसली नाही. ती हळूहळू उभी राहिली. "मी दिवसभर निवांत होते," ती म्हणाली. "शिट्टी तिकडे पडलाय आणि मी मशीनवर गाणं म्हणत होते. लाज वाटली मला, पण म्हणत होते. कारण तू टोचलं होतंस." तिचा आवाज चढला. "एक दिवस मी बाटली बघितली नाही! एक दिवस! आणि त्याच दिवशी तू मला पाणी टोचलंस?"

"हो," वहिनी म्हणाली.

"आणि आता पुन्हा विश्वास ठेवू तुझ्यावर?"

"माझ्यावर नको ठेवूस. बाटली बघ." तिने खिशातला कागद उलगडला आणि सकाळची बाटली काढली. पेटी उघडून दुसरी काढली. दोन्ही बटणच्या हातात दिल्या. "हलव. जोरात. आणि त्या फरशीवर शेजारी शेजारी ठेव."

बटण तशीच उभी राहिली. त्या क्षणी ती बाटल्या भिंतीवर फोडेल असंच मला वाटलं. मग तिने मनगट झटकलं, एकदा, दोनदा, खूपदा, आणि दोन्ही बाटल्या खाली ठेवल्या. टोपीवाला गुडघ्यांवर बसला. बाकीचेही सरकले. या पोरांना उजेडात धरून बघायची, हलवून पारखायची सवय असते. अंगात काय घ्यायचं ते ती अशीच ठरवतात. आजवर कोणत्या डॉक्टरने त्यांना काही असं बघायला दिलं नव्हतं, एवढंच.

सगळी त्या दोन बाटल्यांकडे टक लावून बसली. दारातून येणारं ऊन फरशीवरून मागे सरकत होतं. आधी काहीच फरक दिसेना. दोन्ही सारख्याच दुधाळ. मग एकीत कण सुटले, खाली उतरायला लागले, आणि वर पाण्याची एक स्वच्छ पट्टी दिसली. दुसरी जशी होती तशीच राहिली.

"हा गेलेला," टोपीवाल्याने बोट दाखवलं. "आणि हा चांगला आहे."

बटणने चांगली बाटली उचलली, दारापाशी नेली आणि उन्हात धरून बघितली. बराच वेळ बघितली. मग परत आली, बाटली वहिनीच्या हातात दिली आणि बाही वर केली. टोचून होईपर्यंत तिने एकदाही डोळे मिटले नाहीत. नंतर ती वहिनीकडे न बघता भिंतीपाशी जाऊन बसली. वहिनीने तिला पुढच्या डोसबद्दल सांगितलं.

आम्ही निघालो तेव्हा टोपीवाल्याने हाक मारली. "ओ ताई. बाटली उघडलीच आहे, तर यात अजून कोणाकोणाचं होईल?" त्याने टोपी काढून बगलेत धरली आणि दंड पुढे केला. त्याच्या मागून आणखी एक मुलगी आली. बाकीचे बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनीने स्वतःच्या हाताने सगळा प्रकार लिहून साहेबांना दिला. मी तिला परोपरीने सांगितलं होतं, नका देऊ. साहेबांनी तिला गाडीवरून काढलं आणि केंद्राच्या लसभांडारात बसवलं. खिडकी नसलेली खोली, चार फ्रीज आणि एक स्टूल. मी घरी तणतणलो. दादाही तणतणला. वहिनी म्हणाली, "चूक झाली होती ना? मग?" आणि जेवायला वाढायला लागली. त्या रात्री आईने फ्रीज उघडला आणि लगेच लावला.

खिडकीवर नवी सिस्टर आली. पहिल्याच दिवशी टोपीवाला चार नवे चेहरे घेऊन हजर. "आधी दोन बाटल्या दाखवा. हलवून." नवी सिस्टर भडकली. मी स्टिअरिंगकडे तोंड करूनच म्हणालो, "दाखवा हो बाई, इथली पद्धत आहे ती." तिने दाखवल्या. वहिनी भांडारातून रोज दोन बाटल्या पाठवते, एक चांगली आणि एक मुद्दाम गोठवलेली, मोठी फुली मारलेली, फक्त दाखवायला. आता भिंतीच्या सावलीत लसीसाठी जितकी पोरं उभी राहतात तितकी पूर्वी सुयांसाठीही नसायची. साहेब ते वरच्या लोकांना कौतुकाने सांगतात. मी ऐकतो आणि गप्प बसतो, कारण वहिनीने तसं सांगितलंय.

पण बटणचं काय झालं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसरा डोस ती घेऊन गेली, तोंडातून शब्द न काढता. रोग टळला की नाही हे कळायला काही महिने जावे लागतात आणि मग रक्त तपासावं लागतं. शिट्टी दवाखान्यातून परतला, पण कावीळ त्याच्या अंगात राहिली ती राहिलीच. वहिनी रोज मला एकच विचारायची, "दिसली का?" कधी दिसायची, कधी नाही. नवी सिस्टर तपासणीसाठी रक्त मागायची आणि बटण मान हलवून निघून जायची.

मग एका सकाळी मी गाडी काढायला केंद्रात आलो तर ती फाटकाशी उभी. मेले तरी पाय ठेवणार नाही म्हणाली होती तेच फाटक.

"ताई कुठे बसते?" तिने विचारलं.

मी तिला रांगेच्या बाजूने, सगळ्यांच्या नजरा चुकवत भांडारापर्यंत नेलं. वहिनी टेबलापाशी उभी होती, आइसपॅक कानाला लावून. बटणला बघून तो तिच्या हातातून सुटला. बटणने बाही वर केली आणि हात पुढे केला. वहिनी त्या हातावर बोट फिरवत राहिली, शीर शोधत. पहिल्यांदा सापडली नाही. बटणने स्वतःच मनगटाच्या मागची जागा दाखवली. "इथे. हळू."

तपासणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पडला. एक रेघ उमटली, तर आजार नाही. दोन उमटल्या, तर आहे. एक रेघ लगेच उमटली. मग आम्ही तिघं त्या पट्टीवर वाकून उभे राहिलो. टेबलावरच्या बर्फाला घाम फुटत होता, त्याचं पाणी कडेवरून माझ्या बुटावर ठिबकत होतं, आणि मला पाय हलवायची हिंमत होत नव्हती. दुसरी रेघ आली नाही. वहिनीने घड्याळ बघितलं, पट्टी उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली. दुसरी रेघ आलीच नाही.

वहिनी स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडायला लागली. मी भिंतीकडे तोंड केलं.

बटणने फ्रीजकडे बोट दाखवलं. "तिसरा डोस राहिलाय ना माझा?" मी दार उघडून बाटली काढली आणि झटकन दार लावलं. ती तिने माझ्या हातातून घेतली, जोरात हलवली, टेबलावर ठेवली आणि वाकून बघत राहिली. समाधान झाल्यावर तिने बाटली वहिनीच्या हातात दिली.

"ताई, आता रडणं बास," ती म्हणाली. "हात हलेल तुमचा."